तार, कॉस्टिक सोडा आणि अणू

१९१० च्या आसपास अमेरिकेतल्या स्केनेक्टडी इथं, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत विल्यम कूलिज यांनी टंगस्टनची तार ओढून दाखवली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे विजेचा दिवा होता. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सियसला वितळतो. इतर कुठल्याही धातूचा वितळणबिंदू याहून वर नाही. दिव्याच्या तंतूला याहून योग्य धातू शोधून सापडला नसता, पण तो इतका ठिसूळ की वाकवायला जावं तर तुकडे पडत. कूलिज यांनी टंगस्टनची पूड दाबून कांडी केली, ती तापवून घट्ट केली, तापलेली असतानाच ठोकून ठोकून बारीक केली आणि शेवटी हिऱ्याच्या छिद्रांतून ओढली. या ठोकाठोकीत आणि ओढाताणीत धातूचे स्फटिककण लांबट होत गेले आणि तारेच्या लांबीला समांतर बसले. ठिसूळ धातूची वाकणारी, वळणारी तार झाली आणि जगभरच्या घरांत तिचा उजेड पडला.

त्याच तारेने पुढे माणसाला अणू दाखवला. एकदा नव्हे, दोनदा, आणि दोन अगदी वेगळ्या मार्गांनी. दोन्ही वेळा या तारेला टोक काढावं लागलं. अणू पाहण्याच्या इतिहासात यंत्रांची आणि नोबेल पारितोषिकांची नोंद ठळक अक्षरांत आहे. टोक कसं काढलं हे मात्र शोधनिबंधाच्या ‘पद्धती’ या भागात दोन ओळींत उरकलेलं असतं. यंत्र कितीही महाग असो, त्याची नजर त्या टोकापेक्षा तीक्ष्ण होऊ शकत नाही. म्हणून त्या दोन ओळींचाच इतिहास इथे सांगायचा आहे.

टोक घासून का काढायचं नाही? ओढलेल्या टंगस्टनची अंतर्गत रचना उसाच्या कांड्यासारखी असते, लांब धाग्यांची. सहाणेवर घासलं की हे धागे चिरतात, पिंजारतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली टोकाऐवजी फाटलेली कड दिसते. रसायनाने आणि विजेने धातू विरघळवला तर त्याला कुठे ओरखडा पडत नाही, ताण बसत नाही. नेहमीच्या आम्लांना टंगस्टन फारशी दाद देत नाही. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात मात्र, तार धनाग्राला जोडून थोडी वीज दिली की तो निमूटपणे विरघळू लागतो.

प्रयोगशाळेत या कामाला सरसकट ‘एचिंग’ म्हणतात आणि तयार होणाऱ्या वस्तूला ‘टिप’. मांडणी साधी आहे. काचेच्या चंचुपात्रात एका लिटरला ८० ग्रॅम या प्रमाणात कॉस्टिक सोडा विरघळवायचा. पाव मिलिमीटर जाडीची टंगस्टनची तार उभी टांगून तिचं खालचं टोक दोन-तीन मिलिमीटर द्रावणात बुडवायचं. भोवती स्टेनलेस स्टीलच्या किंवा प्लॅटिनमच्या तारेचं कडं, ते ऋणाग्र. पाच-सहा व्होल्टचा एकदिश प्रवाह सुरू केला की कड्यावरून हायड्रोजनचे बुडबुडे निघू लागतात. तारेवर बुडबुडे नसतात. तिथं टंगस्टन हायड्रॉक्साइड आयनांशी संयोग पावून टंगस्टेटच्या रूपात द्रावणात उतरत असतो.

खरी गंमत द्रावणाच्या पृष्ठभागापाशी घडते. तारेला बिलगून द्रावण किंचित वर चढलेलं असतं. विरघळलेला टंगस्टेट जड असतो. तो तारेला लपेटून खाली वाहतो आणि नीट प्रकाश धरला तर ही वाहती धार डोळ्यांनाही दिसते. बुडालेल्या भागाभोवती तिचं आवरण होतं आणि तो भाग झिजेपासून बराचसा वाचतो. त्यामुळे तार सगळीकडे सारखी झिजत नाही, पृष्ठभागाच्या जरा खाली तिची कंबर बारीक होत जाते. पाच-दहा मिनिटांनी अशी वेळ येते की खाली लोंबणाऱ्या तुकड्याचं वजन त्या कमरेला पेलवत नाही. तुकडा सुटून तळाशी जातो. वर राहिलेल्या तारेला त्या क्षणी जे टोक येतं, त्याची त्रिज्या काही दशक नॅनोमीटर असते. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज यावा.

आणि तो क्षण निसटला तर टोकही निसटलं. तुकडा पडल्यावरही वीज चालू राहिली, तर द्रावणात राहिलेलं नवं टोक लगेच विरघळून बोथट होऊ लागतं. डोळ्याने बघून बटण बंद करणारा कितीही चपळ असला तरी त्याला उशीरच होतो.

या टोकांची पहिली मोठी गरज पडली बर्लिनमध्ये. १९११ साली तिथंच जन्मलेले एर्विन म्युलर हे गुस्टाव हर्ट्झ यांचे विद्यार्थी. १९३६ मध्ये सीमेन्सच्या प्रयोगशाळेत त्यांनी एक विलक्षण साधं उपकरण बांधलं. हवा काढलेला काचेचा फुगा, त्याच्या मध्यभागी धातूचं अणकुचीदार टोक आणि समोरच्या काचेवर इलेक्ट्रॉन आदळला की चमकणारा लेप. त्यात भिंग नव्हतं. टोकाला काही हजार व्होल्टचा ऋण दाब दिला की तीव्र विद्युतक्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन टोकातून सुटत आणि सरळ रेषांत पसरत पडद्यावर जात. टोकाची त्रिज्या १०० नॅनोमीटर आणि पडदा १० सेंटिमीटरवर असेल, तर टोकाचा पृष्ठभाग पडद्यावर सुमारे दहा लाख पट मोठा होऊन दिसतो. भिंगाचं काम भूमितीने केलं, आणि ती भूमिती जुळून आली कारण टोक तेवढं बारीक होतं. या यंत्राला क्षेत्र-उत्सर्जन सूक्ष्मदर्शक म्हणतात.

त्यात साधारण दोन नॅनोमीटरपर्यंतचा तपशील दिसे. अणू त्याहून बराच लहान. इलेक्ट्रॉन टोकातून निघतानाच थोडे आडवे सरकतात, त्यामुळे चित्र पुसट होतं आणि त्यावर इलाज नव्हता. १९५१ मध्ये म्युलर यांनी विजेची दिशाच उलटी केली. टोकाला धन दाब दिला आणि फुग्यात थोडा वायू सोडला. वायूचा अणू टोकापाशी आला की त्याचा इलेक्ट्रॉन टोकात खेचला जातो आणि उरलेला आयन पडद्याकडे झेपावतो. हेलियमसाठी यापायी लागणारं क्षेत्र प्रचंड आहे, एका नॅनोमीटरला सुमारे ४४ व्होल्ट. टोकाची त्रिज्या ४५ नॅनोमीटर असेल, तर दहा हजार व्होल्टला ते साधतं. तीच त्रिज्या दहापट असती तर लाख व्होल्ट लागले असते. टोकाचा बारीकपणा इथे प्रयोग शक्य की अशक्य हे ठरवतो.

१९५२ मध्ये म्युलर पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात गेले. तिथे भारतातून आलेले कंवर बहादूर त्यांच्याकडे डॉक्टरेटसाठी काम करत होते. ११ ऑक्टोबर १९५५ रोजी या दोघांनी टंगस्टनचं टोक अतिशय थंड केलं, हेलियम सोडला आणि दाब वाढवला. पडद्यावर ठिपक्यांची एकात एक गुंफलेली वर्तुळं उमटली. एकेक ठिपका म्हणजे टंगस्टनचा एकेक अणू. ग्रीकांपासून ज्याच्याबद्दल तर्क चालले होते, रसायनशास्त्राने ज्याचं वजन सांगितलं होतं, तो अणू सुटा, जागच्या जागी, माणसाच्या नजरेला पहिल्यांदा पडला. म्युलर आणि बहादूर यांचा निबंध १९५६ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’त आला. कंवर बहादूर हे नाव आपल्याकडच्या विज्ञानाच्या पुस्तकांत शोधावं लागतं, याची खंत वाटते. शाळेतल्या प्रत्येक मुलाला ते माहीत असायला हवं.

या प्रयोगात एचिंगची एक मर्यादा उघड झाली आणि त्यावरचा उपायही सापडला. द्रावणातून निघालेलं टोक अणूंच्या मापाने पाहिलं तर खडबडीत असतं. त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा असतो. पण दाब आणखी वाढवला की टोकावरचे बाहेर आलेले अणू क्षेत्राच्या ओढीने आपोआप सुटून जातात, आधी सर्वांत पुढे आलेले, मग त्यामागचे, आणि टोक गुळगुळीत गोल होतं. आधीचं काम कॉस्टिक सोड्याचं, शेवटचा हात विद्युतक्षेत्राचा.

भौतिकशास्त्रज्ञ फुग्यातल्या ठिपक्यांकडे बघत असताना हेच टोक मेंदूत शिरलं. डेव्हिड ह्यूबेल हे वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड या लष्करी संशोधन संस्थेत होते. जाग्या मांजराच्या मेंदूतल्या एका पेशीचे विद्युत्स्पंद टिपायचे, तर काचेची नळी मोडते आणि पोलादाची तार पुरेशी ताठ राहत नाही. त्यांनी टंगस्टनची तार पोटॅशियम नायट्राइटच्या द्रावणात विजेने झिजवून टोकदार केली, तिच्यावर रोगणाचा लेप दिला आणि फक्त टोक उघडं राहील अशी सोय केली. या इलेक्ट्रोडवरचा त्यांचा निबंध १९५७ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला; तो जेमतेम दीड-दोन पानांचा आहे.

पुढच्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्समध्ये ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल हीच तार मांजराच्या दृष्टीशी निगडित मेंदूभागात घालून बसले होते. काचपट्टीवरचे ठिपके दाखवून पेशी काही केल्या उत्तर देईना. काचपट्टी यंत्रात सरकवताना मात्र पेशी अचानक धडधडू लागली. तिला ठिपक्याशी काही देणंघेणं नव्हतं. काचेच्या कडेची फिकट सावली एका ठरावीक कोनात सरकली, तिला ती प्रतिसाद देत होती. दृष्टीच्या अभ्यासाला त्या दिवशी नवी दिशा मिळाली. या कामासाठी दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं. तासन् तास एकाच पेशीजवळ स्थिर राहणारं ताठ, बारीक टोक हाताशी नसतं, तर ती सावली कुणाच्या कानावरही पडली नसती. हो, कानावरच, पेशीचे स्पंद ते ध्वनिवर्धकावर ऐकत होते.

म्युलर यांच्या हाताखाली शिकलेले रसेल यंग हे पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत गेले. त्यांच्या मनात वेगळाच विचार आला. म्युलर यांच्या फुग्यात टोक ही पाहण्याची वस्तू होती. तेच टोक दुसऱ्या वस्तूजवळ नेलं तर? टोकातून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह अंतरानुसार बदलतो. तो सांभाळत टोक पृष्ठभागावरून फिरवलं तर पृष्ठभागाचे चढउतार नोंदवता येतील. यंग, जॉन वॉर्ड आणि फ्रेडरिक सायर यांनी टोक सरकवण्यासाठी वीज दिल्यावर किंचित लांबणारे-आखडणारे स्फटिक वापरले आणि यंत्राला नाव दिलं ‘टोपोग्राफायनर’. १९७२ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. उभ्या दिशेत ते तीन नॅनोमीटरपर्यंत पोचले होते, आडव्या दिशेत चारशेपर्यंत. धातूपासून धातूकडे पोकळीतून होणारं इलेक्ट्रॉनांचं टनेलिंगही त्यांनी मोजून दाखवलं होतं. पण यंत्राची थरथर त्यांना पुरती आवरता आली नाही आणि प्रकल्प थांबला. या गोष्टीतली सर्वांत मोठी कल्पक झेप यंग यांची आहे, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. बघितली जाणारी वस्तू त्यांच्या हातात बघणारी झाली.

ते काम पुरं झालं झुरिकजवळच्या र्‍यूश्लिकोन इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत. गेर्ड बिनिग, हाइनरिक रोरर, क्रिस्टोफ गेर्बर आणि एडी वाइबेल यांनी थरथर काबूत आणली. १६ मार्च १९८१ च्या रात्री टोक आणि पृष्ठभाग यांच्यातलं अंतर बदललं की प्रवाह घातांकी पद्धतीने बदलतो, हे त्यांना स्वच्छ दिसलं. स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक जन्माला आला. अंतर एक दशांश नॅनोमीटरने वाढलं की प्रवाह साधारण दहापट घटतो. याचा अर्थ असा की टोकावर एखादा अणू इतरांपेक्षा जरा पुढे असेल, तर जवळजवळ सगळा प्रवाह त्याच्यातूनच वाहतो.

म्हणूनच एक नवल घडलं. बिनिग-रोरर यांची सुरुवातीची टोकं एचिंगने केलेली नव्हती. जाड टंगस्टन किंवा मॉलिब्डेनमच्या तारा त्यांनी साध्या घासून घेतल्या. घासण्यातून उमटलेल्या खडबडीत कडांवर कुठेतरी एखादं सूक्ष्म टोक निघे आणि तेच काम करून जाई. सिलिकॉनच्या पृष्ठभागावरची अणूंची सात बाय सातची सुप्रसिद्ध मांडणी त्यांनी १९८२ च्या शरदात पाहिली. १९८६ च्या नोबेलचा अर्धा वाटा बिनिग आणि रोरर यांना मिळाला, उरलेला अर्धा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या एर्न्स्ट रुस्का यांना. समितीने आपल्या निवेदनात यंग यांच्या कामाचीही नोंद घेतली. आजही प्लॅटिनम-इरिडियमची तार कात्रीने तिरकी कापून, ओढून तोडून टोक तयार करणाऱ्या प्रयोगशाळा पुष्कळ आहेत. सपाट ग्राफाइट पाहायला ते चालतं.

पण जिथे पृष्ठभागावर खोल चर आहेत, तिथे भरवसा ठेवता येत नाही. रुंद टोकावर दोन बारीक उंचवटे असले तर एका अणूचे दोन दिसतात, आणि चरात तर ते शिरतच नाही. मग संशोधक म्युलर यांच्या जुन्या बिरादरीकडे वळले आणि कॉस्टिक सोड्याची चंचुपात्रं पुन्हा टेबलावर आली. १९८० च्या दशकात जवळजवळ प्रत्येक गटाची स्वतःची कृती होती. कुणी सोडियमऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरी, कुणी प्रत्यावर्ती प्रवाह. प्रत्यावर्ती प्रवाहाने शंकूसारखं टोक येतं, एकदिश प्रवाहाने आत वळलेल्या कडांचं, निमुळतं होत जाणारं. ज्येष्ठ विद्यार्थी कनिष्ठाला शेजारी बसवून शिकवत, कारण लिहून ठेवलेल्या आकड्यांत सगळं उतरत नसे. १९९० मध्ये अमेरिकी नौदल संशोधन प्रयोगशाळेच्या आयबे आणि सहकाऱ्यांनी या कामाची पद्धतशीर छाननी केली. त्यांचा निष्कर्ष असा की टोकाचा बारीकपणा सर्वाधिक अवलंबून असतो तो तुकडा पडल्यावर वीज किती चटकन तुटते यावर. बुडालेला भाग लांब असेल तर वजनाने तार लवकर तुटते आणि टोक जाड राहतं, हेही त्यात आलं. तुकडा पडताच प्रवाहाला बसणारा झटका ओळखून सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहून कमी वेळात वीज तोडणारी इलेक्ट्रॉनिक मंडलं लोकांनी बांधली.

पुढचे सोपस्कारही कमी नाहीत. टोक कोमट ऊर्ध्वपातित पाण्यात धुवायचं, मग अल्कोहोलमध्ये. कुठे टेकवायचं नाही, वाऱ्याला धरायचं नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर फक्त एवढं कळतं की टोक वाकलेलं नाही. प्रकाशाची लहर टोकापेक्षा दहा-वीस पट मोठी, त्यामुळे खरं टोक त्यात दिसतच नाही. ऑक्साइडचा थर निर्वातात तापवून घालवावा लागतो. एवढं सगळं करून यंत्रात बसवलेलं टोक पहिल्याच जवळिकीत पृष्ठभागावर आपटतं आणि सकाळचं सगळं काम वाया जातं. असं झालं की अनुभवी माणूस ते लगेच फेकत नाही. विजेचा छोटा धक्का देऊन किंवा तांब्यात अलगद रुतवून टोकावरचे अणू पुन्हा जुळवून बघतो.

अशा टोकांनी पुढे काय केलं ते जगाला ठाऊक आहे. कॅलिफोर्नियातल्या आयबीएमच्या आल्माडेन प्रयोगशाळेत डॉन आयग्लर यांनी निकेलच्या अतिथंड पृष्ठभागावर झेनॉनचे ३५ अणू एकेक करून ओढत आणले आणि कंपनीच्या नावाची तीन अक्षरं लिहिली. १९९० मध्ये ते चित्र ‘नेचर’मध्ये छापून आलं. त्याआधीच, १९८६ मध्ये, झुरिकच्या हान्स-वेर्नर फिंक यांनी शेवटी एकच अणू असलेलं टंगस्टनचं टोक घडवून दाखवलं होतं. त्याहून टोकदार काही करणं धातूला शक्य नाही.

महाराष्ट्राचाही या परंपरेशी संबंध आहे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात क्षेत्र-उत्सर्जन सूक्ष्मदर्शकावर दीर्घकाळ काम झालं. डी. एस. जोग आणि सी. व्ही. धर्माधिकारी यांच्यासारख्या प्राध्यापकांच्या हाताखाली विद्यार्थ्यांच्या पिढ्या म्युलरच्या पद्धतीने पडद्यावर टोकाचे ठिपके बघायला शिकल्या. तिथून काही जण टनेलिंग सूक्ष्मदर्शकाकडे वळले. टंगस्टनची खनिजंही आपल्याकडे आहेत, नागपूर जिल्ह्यातल्या कुही-खोबना पट्ट्यात.

आता पुन्हा म्युलर यांच्याकडे जावं लागतं, कारण टोकाचा आणखी एक उपयोग त्यांनीच काढला. १९६७ मध्ये त्यांनी जॉन पॅनिट्झ आणि ब्रूक्स मॅक्लेन यांच्यासोबत अणू-शोधक यंत्र मांडलं. विद्युतक्षेत्राने टोकावरचा एकेक अणू सुटतो, हे आधी ठाऊक होतं. सुटलेला अणू शोधकापर्यंत पोचायला किती वेळ घेतो हे मोजलं, तर त्याचं वजन आणि त्यावरून मूलद्रव्य कळतं. टोक पुन्हा बघितली जाणारी वस्तू झाली, आणि यावेळी ती बघता बघता संपते. अशा यंत्रासाठी ज्या धातूचा अभ्यास करायचा, त्याचीच सुई करावी लागते. पोलाद असेल तर काडीएवढा तुकडा कापून आधी तीव्र आणि मग सौम्य आम्ल द्रावणात, दोन टप्प्यांत विजेने झिजवतात. संगणकाच्या चिपांसारख्या नमुन्यांसाठी आता आयनांच्या झोताने सुई कोरतात, पण धातूंसाठी जुनी रीत अजून चालते. अणुभट्टीच्या पात्राचं पोलाद वर्षानुवर्षं न्यूट्रॉनांचा मारा सोसून ठिसूळ का होतं, याचा शोध अशाच सुयांतून लागत गेला. अणूअणूने उलगडलेल्या त्या टोकांत दोन-तीन नॅनोमीटरचे, तांब्याने भरलेले गुच्छ सापडले, आणि नव्या पात्रांच्या पोलादात तांबं किती चालेल याच्या मर्यादा ठरवताना ते ज्ञान कामी आलं.